घरचा दोरा

नवसीची ओळख करून द्यायची तर तिच्या उजव्या मांडीपासून सुरुवात करावी लागते. ऐकायला कसंसंच वाटेल, पण तिची सगळी कारागिरी त्या मांडीवर चालायची. गुडघ्याच्या वरची वीतभर कातडी तागाचा वाख वळून वळून जुन्या पाटासारखी गुळगुळीत झाली होती. ओटीवर पाय पसरून बसायची, मांडीला चिमूटभर राख लावायची, डाव्या हातात वाखाचे दोन पेड धरायची आणि उजवा तळवा एकदा पुढे, एकदा मागे. तेवढ्यात पेडांचा दोरा झालेला असायचा. हाताकडे ती कधी बघायची नाही. तोंड मात्र चालू.

"बाय, वाचताना तू ओठ हलवतीस का?" तिनं मला एकदा विचारलं.

"नाही."

"मंग मी कशाला हाताकडं बघू?"

तिचा पाडा बदलापूरच्या पलीकडे, बारवी नदीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. आठ-दहा घरं. भात निघालं की घरामागच्या पट्ट्यात ती ताग टाकायची. पिवळी फुलं यायची, शेंगा वाजू लागायच्या, मग कापणी. पेंढ्या बांधून आठवडाभर डोहात दगडाखाली दाबून ठेवायच्या, म्हणजे साल कुजून सुटते. त्या आठवड्यात डोहालाही वास आणि नवसीलाही वास. मग साल सोलायची, आपटायची, धुवायची, वाळवायची. जो पांढुरका केसांसारखा पुंजका हाती येतो तो वाख. त्याचे दोरे वळून ती बाळांच्या मनगट्या करायची, करदोडे करायची, पोरींच्या वेणीला गोंडे करायची. काळा रंग हवा असला तर हिरड्याच्या पाण्यात गंजका खिळा टाकून दोरा बुडवून ठेवायची. पण तिचं खरं नाव होतं ते लग्नातल्या पोतीसाठी. आजूबाजूच्या पाच पाड्यांत नवरीच्या गळ्यात पडणारी काळ्या मण्यांची पोत नवसीनंच ओवायची, असं ठरूनच गेलं होतं. तिच्या आधी तिची सासू ओवायची. त्यात मजुरी नव्हती. कुणी तांदूळ द्यायचं, कुणी कोंबडी. मिळायचा तो मान. मांडवात नवऱ्याच्या आईच्या आधी नवसीला पाट मिळायचा.

ओवलेली पोत ती लगेच हवाली करायची नाही. आधी रात्रभर पाण्यात, मग उन्हात, मग घराच्या वाशाला बांधून तिला खाली वरवंटा टांगायचा. पूर्ण एक दिवस आणि एक रात्र. वरवंटा हलायचा, पोरं झोके द्यायची, नवसी त्यांना हाकलायची नाही. "द्या, द्या. सासरी याच्यापेक्षा जास्त झोके बसनार हायेत," म्हणायची. दगड पेलला तरच पोत गळ्यात जाणार.

याला एकच सूट होती. घरच्या माणसानं, म्हणजे आईनं, बहिणीनं, भावानं दिलेला दोरा असेल, तर त्याला दगड टांगायचा नाही.

"का गं?" मी विचारलं होतं. "घरच्या माणसाचा दोरा तुटत नाही?"

"तुटंल की. पन दगड टांगला तर त्याला काय वाटंल? भावानं दिलेलं पानी कुनी हुंगून पितं का, बाय?"

हे सगळं मला पुढे कळलं. ती पहिल्यांदा अंबरनाथला आमच्या दारात आली ती पत्रावळींसाठी पळसाची पानं विकायला. साल पन्नास. मीनल तेवीस दिवसांची होती. तिच्या आधीचा माझा मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला होता, त्यामुळे मीनलचा श्वास मोजणं हेच माझं काम झालं होतं. तिचं अंग जरा कोमट लागलं की मी थर्मामीटर लावायची, उतरलं की पुन्हा लावायची. त्या दिवशी ती दूध ओढत नव्हती आणि मी दारात तिला घेऊन रडत उभी होते. नवसीनं पानांचा भारा खाली ठेवला, लांबूनच पोरीकडे बघितलं.

"पोर बरी हाये, बाय. तूच तापलीस."

मग न विचारता ओटीवर बसली, कमरेच्या गाठोड्यातून तागाचा दोरा आणि पाच-सहा काळे मणी काढले आणि बोलता बोलता दोन मनगट्या केल्या. मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र घेतलेली, जंतूंच्या भीतीनं बाटल्या उकळणारी बाई. मी म्हटलं, "थांब, आधी हे उकळते." मला वाटलं तिला राग येईल. ती पोट धरून हसली.

"उकळ, उकळ! ताग हाये, शिजनार नाय."

मी पाच मिनिटं उकळल्या. थंड झाल्यावर नवसीनं मीनलच्या मनगटांना बांधल्या. संध्याकाळी मीनल प्यायली. मनगट्यांमुळे प्यायली असं मी मानत नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा झोप लागली, हे खरं.

जाताना नवसी म्हणाली, "पैला दोरा बांधनारी मावशी व्हते आमच्यात. आता मी हिची मावशी. आनि तू माजी कोन?"

"कोण?"

"बहीन. शिकलीस ना तू?"

त्यानंतर दर दिवाळीला ती यायची, मनगट्या सोडायची, दोन मणी आणि बोटभर दोरा वाढवून पुन्हा बांधायची. मीनल तिला नवसीमावशी म्हणायला लागली. माझ्यासाठी तिनं तागाची एक पिशवी विणली. ती घेऊन मी भाजीला गेले की कॉलनीतल्या बायका हात लावून बघायच्या. मी मीनलला घेऊन तिच्या पाड्यावर जायला लागले. जाताना पाण्याची वेगळी बाटली, स्वेटर, ग्लुकोज, सगळं बरोबर असायचं. नवसी माझी बाटली बघून म्हणायची, "आमचा डोह आटला तर तुज्याकडनं नेऊ."

पंचावन्न साली तिच्या भिकीचं लग्न ठरलं. भिकी तिची एकुलती मुलगी, आईसारखीच बोलभांड. नवरा पलीकडच्या पाड्यावरचा पदू. त्याची आजी राजाबाई म्हणजे त्या बाजूचं वजनदार माणूस. तिच्यापुढे पुरुषही विडी विझवायचे. लेकीची पोत आईनंच ओवायची होती, म्हणजे नवसीसाठी ती आयुष्यातली सगळ्यात मोठी पोत.

भिकीला उल्हासनगर बघायचं होतं. मी तिला आणि मीनलला घेऊन निर्वासितांच्या कॅम्प दोनमध्ये गेले. बराकीच्या अर्ध्या भागात एका सिंधी बाईचं मणी-बटणांचं दुकान होतं. भिकी काचेच्या बरण्यांसमोर उभी राहिली ती हलेना.

"अदी, ये देखो," दुकानवाली बाई मला म्हणाली (त्यांच्यात बहिणीला अदी म्हणतात) आणि तळहातावर काळे मणी ओतले. मोहरीएवढे, सगळे एकसारखे, उजेडात चमकणारे. "ऐसा बारीक माल पूरे कॅम्प में नहीं मिलेगा."

भिकीनं ते घेतले. घरी जाऊन आईसमोर ओतले. नवसीनं एक मणी चिमटीत धरला, आपल्या दोऱ्याचं टोक थुंकी लावून बारीक केलं, आणि दहादा प्रयत्न केला. दोरा भोकात जाईना.

"ह्यात ताग नाय जायचा. माजेच मनी घाल."

"आये, तुजे मनी बैलाच्या गळ्यातले."

"मंग काय झालं? पदू पन बैलच हाये."

भिकी हसली आणि लगेच रडायलाही लागली. पाच पाड्यांतल्या पोरींच्या गळ्यात असली पोत नव्हती, आणि तिला तीच हवी होती. नवसीनं कितीही टोमणे मारले तरी लेकीपुढे तिचं काही चालायचं नाही. दोन दिवसांनी पानं विकायला आली तेव्हा मला म्हणाली, "बाय, बारीक दोरा दे. बाजारचा नको. लेकीच्या गळ्यात कुनाच्या हातचा दोरा जातो ते मला म्हाईत पायजे. तू देशील तो चालंल."

ती हे किती सहज म्हणाली! मला मात्र त्या दिवशी फार मोठं काही मिळाल्यासारखं झालं.

हे तेव्हा एका खासगी कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. तिथे कातडी पट्टे, खोगीर, किटबॅगा शिवल्या जायच्या. मी ह्यांना सांगितलं, नवसीच्या भिकीचं लग्न आहे, पोत ओवायला बारीक आणि बळकट दोरा हवा. तिसऱ्या दिवशी ह्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं रीळ आणून दिलं.

"लिननचा आहे. विलायती." मग आवाज खाली आणून, "कुठून आला ते कुणाला सांगत बसू नकोस."

"का?"

"का म्हणजे? स्टोअरमधला आहे. पडून होता."

मी पुढे विचारलं नाही. दोरा इतका सुंदर होता की विचारावंसं वाटलं नाही. लोण्याच्या रंगाचा, मेण लावलेला, वास सुद्धा छान. मला माझं पुस्तकातलं ज्ञान आठवलं: लिनन म्हणजे जवसाच्या काडीच्या सालीतला धागा. ज्या जवसाची चटणी मी माहेरी खाल्ली, त्याचाच हा भाऊबंद. मीनल ते रीळ घरभर गडगडवत होती. मी तिच्या हातून काढून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी पाड्यावर गेले.

नवसीनं दोरा ओठांवरून फिरवला, दातांत धरला, सोडला.

"लई गुळगुळीत हाये, बाय. जीव हाये ना याच्यात?"

"अगं, तुझ्या तागासारखाच सालीतून काढतात. जवसाचा आहे. भिजला की आणखी बळकट होतो. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकात?"

"हो."

नवसीनं मान वर करून वाशाकडे बघितलं. तिथे दुसऱ्या कुणाची तरी पोत टांगलेली होती, खाली वरवंटा स्थिर झाला होता. मग तिनं माझ्याकडे बघितलं, मीनलकडे बघितलं.

"घरचा हाये," म्हणाली, आणि पहिला मणी ओवला.

लग्न वैशाखात झालं. हे येऊ शकले नाहीत. मी मीनलला घेऊन गेले. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, शेणानं सारवलेलं अंगण, बायका गात होत्या. नवसीला पाट दिला होता, आणि तिनं हात धरून मला शेजारी बसवलं. "ही माजी बहीन," येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. राजाबाईनं माझ्या चपलांकडे बघितलं.

पोत भिकीच्या गळ्यात पडली तेव्हा पोरी एकमेकींच्या अंगावर पडून बघायला लागल्या. खरंच तशी पोत तिथे कुणी बघितली नव्हती. पाच पदरी, बारीक, पाण्यासारखी हलणारी. मग रीतीप्रमाणे मामानं भिकीला खांद्यावर घेतलं आणि नाचवायला सुरुवात केली. भिकी हसत होती, एका हातानं मामाचं डोकं धरलेलं, दुसऱ्या हातानं पोत. तिसऱ्या गिरकीला तिचा हात रिकामा झाला.

एका जागी तुटली असती तर गाठ मारता आली असती. पोत चार-पाच ठिकाणी एकदमच तुटली. काळे मणी अंगणभर सांडले. गाणं थांबलं. आधी कुणी हललं नाही. हलल्या त्या कोंबड्या. दाणे समजून त्या मणी टिपायला धावल्या, आणि दोन-तीन बायका भानावर येऊन त्यांना हुसकावू लागल्या.

राजाबाई उठली. जमिनीवरचा दोऱ्याचा तुकडा उचलला, दोन बोटांत धरून जरासा ओढला. तुटला. उरलेला ओढला. तोही तुटला.

"मेलेला दोरा हाये ह्यो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "नवसे, दगड टांगला व्हता?"

नवसी पाटावरून उठली होती. "नाय."

"का नाय?"

नवसी सांडलेल्या मण्यांकडे बघत होती.

"दोरा कुनाचा?"

ह्या क्षणी माझं बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की दोरा मी दिला. मी तोंड उघडलंसुद्धा. पण ह्यांचं "कुणाला सांगत बसू नकोस" कानात होतं, आणि आजूबाजूला दीडशे माणसं, आणि माझ्या मांडीवर मीनल. ह्यांची नोकरी गेली तर मीनलचं काय, एवढ्या लोकांत कुणी अंगावर आलं तर मीनलचं काय, असला सगळा विचार मी एका श्वासात करून टाकला. आईच्या काळजीला वेळ लागत नाही.

मीनलनं खाली वाकून दोऱ्याचा एक तुकडा उचलला होता. ती स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली, "आई, हा तर आपला—"

मी तिचं तोंड पदरात दाबलं.

नवसीनं ते बघितलं. मांडवातल्या दुसऱ्या कुणी बघितलं की नाही, मला माहीत नाही. नवसीनं बघितलं. मग राजाबाईकडे वळून तिनं सांगितलं, "घरचा."

घरचा म्हणजे सगळ्यांनी नवसीचा स्वतःचा समजला. पाच पाड्यांच्या पोरींना पोत ओवणाऱ्या बाईनं आपल्याच लेकीला कुजका दोरा घातला, वर दगडही टांगला नाही. कुणीतरी चुकचुकलं. नवसीची धाकटी जाऊ म्हणाली, "चमकत्या मन्यांचा माज." नवसीनं ते ऐकून घेतलं. राजाबाईनं आपल्या पाड्यावरून तागाच्या दोऱ्यातली साधी पोत आणवली. मांडव तासभर थांबला. मग ती पोत भिकीच्या गळ्यात पडली आणि लग्न लागलं. भिकी पूर्ण वेळ खाली मान घालून होती. नवसीच्या पाटावर दुसरीच कुणी बसली.

निघताना नवसी पाड्याच्या कडेपर्यंत आली. मीनलच्या हातात पळसाच्या पानात बांधलेला भात दिला. "अंधाराच्या आत पोच," एवढंच म्हणाली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं, "दोरा तुटला."

हे चहा पीत होते. "तुटणारच. कंडम माल होता तो."

मला नीट कळलं नाही. "काय होता?"

"अगं, पावसाळ्यात गोदामाचं छप्पर गळलं, तेव्हा भिजला. आतून कुजलेला. मेण असतं म्हणून वरून समजत नाही. तपासणीत नापास केला होता सगळा लॉट. टाकूनच द्यायचा होता."

"मग मला का दिलात?"

"तू मागितलास."

"मी पोतीसाठी मागितला होता. लग्नाच्या. सांगितलं होतं तुम्हाला."

"नसेल लक्षात राहिलं. मला वाटलं, पिशवी-बिशवी करेल ती. आणि त्या लोकांना काय..." तिथे हे थांबले. वाक्य पूर्ण केलं नाही, आणि पूर्ण करायची गरजही नव्हती. जे आपल्या कारखान्यातल्या खोगिराला चालत नव्हतं, ते नवसीच्या मुलीच्या गळ्याला चालेल असं ह्यांना वाटलं होतं. आणि हे सात वर्षं माझ्या शेजारी बसून चहा पिणाऱ्या माणसाला वाटलं होतं.

मी खूप बोलले. ह्यांनीही एक गोष्ट बोलून दाखवली. "कुठून आला ते सांगू नकोस म्हटलं होतं मी, तेव्हा तुला काहीतरी कळलं असेलच की. विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. त्या वेळी मला उत्तर नको होतं, दोरा हवा होता. नवसीची बहीण म्हणून मिरवायचं होतं. ह्यांनी मला फसवलं, त्याचा राग मला आजही येतो. पण मीनलचं तोंड पदरात दाबणारा हात ह्यांचा नव्हता.

त्या दिवाळीला नवसी आली नाही. मीनल मनगट घेऊन दाराशी बसायची. दोरा मनगटात रुतायला लागला तेव्हा मी तो कात्रीनं कापला आणि डबीत ठेवला. पाच वर्षं पाण्यात, साबणात, घामात राहिलेला तागाचा दोरा. कात्रीला सुद्धा जोर लावावा लागला.

बातम्या पळसाची पानं विकणाऱ्या बायकांकडून कळायच्या. नवसीला आता पोतीला कुणी बोलवत नाही. मनगट्याही नको म्हणतात. ती गुरांची दावी वळते आणि बदलापूरच्या बाजारात विकते. भिकीला सासरी "मेल्या दोऱ्याची" म्हणतात.

हे शेवटचं ऐकून मी बदलापूरच्या बाजारात गेले. नवसी भेटली नाही, पण राजाबाई भेटली. सुकट निवडत उभी होती. मी तिला बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. दोरा माझा होता, माझ्या नवऱ्यानं आणलेला, कुजका होता ते मला माहीत नव्हतं, आणि त्या दिवशी मी भीतीनं बोलले नाही. बोलताना मला रडू आलं. राजाबाई सुकटीचा वाटा हातात घेऊन ऐकत राहिली.

"म्हाईत हाये," ती म्हणाली.

"माहीत आहे?"

"दोरा आमच्याकडचा नव्हता, ते हातात घेताच कळलं. तुजी पोर काय बोलली ते बी मी ऐकलं. माजे कान अजून हायेत."

"मग तिला पुन्हा पोती का देत नाही? तिची चूक नव्हती ना!"

राजाबाईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मीनलच्या वयाच्या मुलीकडे बघतात.

"घरच्या मान्साच्या दोऱ्याला दगड टांगत नाय, ते खरं. पन तू तिची घरची कुठं व्हतीस? तिनं धरली. तितं ती चुकली. कोन घरचं, कोन भाईरचं, हे जिला कळत नाय, तिच्या हातचा दोरा आमच्या पोरींच्या गळ्यात कसा घालू?" मग तिनं सुकट पदरात बांधली. "आनि बाय, आता मला सांगतीस. तवा मांडवात सांगितलं असतं ना, तर तू घरचीच ठरली असतीस."

ती निघून गेली.

तरी मला वाटलं, काहीतरी करता येईल. मुंबईहून एका ओळखीच्यांकडून मी लिननचं नवं रीळ मागवलं. ते आलं तसं मी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला त्याचा पदर बांधला आणि खाली आमचा वरवंटा टांगला. हे बघून गेले. मीनलनं झोके दिले. दोन दिवस वरवंटा तसाच लोंबकळत होता, मी वाटण पाट्यावर दगडी बत्त्यानं करत होते. दोरा तुटला नाही. मग मी रीळ घेऊन मीनलबरोबर पाड्यावर गेले.

नवसी ओटीवर बसून दावं वळत होती. मांडीवर राख. मीनल धावत जाऊन तिला बिलगली. नवसीनं तिच्या मनगटाकडे बघितलं, रिकामं मनगट चिमटीत धरून मापलं, आणि सोडलं.

मी रीळ पुढे केलं. "हा चांगला आहे, नवसी. मी स्वतः पारखलाय. भिकीसाठी नवी पोत ओव. राजाबाईशी मी बोललेय. सगळ्यांसमोर बोलायला तयार आहे. ह्यांनी जे केलं..."

"बस, बाय."

मी बसले. तिनं रीळ घेतलं. ओठांवरून फिरवलं नाही, दातांत धरलं नाही. चार हात दोरा सोडवला, उठून वाशाला बांधला, घरातून वरवंटा आणला आणि खाली टांगला. हातानं एकदा थांबवून स्थिर केला. मग परत येऊन दावं वळायला बसली.

पाच वर्षांत माझ्यासमोर तिनं पहिल्यांदाच माझ्या वस्तूला दगड टांगला होता.

आम्ही बसून राहिलो. तिचा तळवा पुढे-मागे जात होता. ती हाताकडे बघत होती. मीनल वरवंट्याला झोका द्यायला गेली. मी ओरडले, "नको!" नवसी म्हणाली, "दिऊ दे." दुपार उलटली. नवसीनं मीनलला भाकरी दिली, मलाही दिली. मी माझ्या बाटलीतलं पाणी काढलं नाही, तिच्या मडक्यातलं प्यायले. ते तिनं बघितलं की नाही, कळलं नाही.

उन्हं कलली तेव्हा ती उठली, वरवंटा सोडून घरात ठेवला, दोरा वाशावरून काढला. ताणून बघितला. बोटांवर नीट गुंडाळून पुन्हा रिळावर चढवला.

"चांगला हाये," म्हणाली.

आणि रीळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"ने परत, बाय. पोरीला घेऊन निघ, अंधाराच्या आत पोच."

वाटेत मीनलनं विचारलं, दोरा चांगला आहे तर मावशीनं घेतला का नाही. मी तिला म्हटलं, तिच्याकडे ताग आहे. मीनलला ते पटलं. पुढे नदीच्या काठी ती थांबली आणि आपलं मनगट माझ्यासमोर धरलं, म्हणाली, मग तू बांध ना. मी चार हात दोरा दातांनी तोडला, तिच्या मनगटाला गुंडाळला. मेणामुळे गाठ घसरत होती. तीनदा बांधली. तिसऱ्यांदाही ती नीट बसली आहे की नाही, हे मी घरी पोचेपर्यंत बघत होते.